भैयाजींचा एकुलता नंदी

आमच्या घरात बैल फार. चारा मागत नाहीत एवढं एक बरं, कारण सगळे लाकडाचे आहेत. समोरच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या ठोकून मी ते ओळीनं उभे केले आहेत. पाहुणा आला की माझी बायको विमलाबाई त्याला पाण्याच्या आधी बजावते, "बसा, पण पाहून बसा जी, शिंग लागल." हे ती इतकी वर्षं सांगत आली आहे की तिच्या बोलण्यातला राग झिजून आता त्याचा पाहुणचार झाला आहे.

मी श्यामराव, सानगडीचा. एसटीत कंडक्टर होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात, मग लेकरांची पाळी. चाकं लावलेला लाकडी नंदी दोरीनं ओढत लेकरं तोरणाखाली जमतात आणि नंतर घरोघर फिरून बोजारा मागतात. कोणी खाऊ देतो, कोणी पैसे देतो. हे नंदी गावोगावच्या सुतारांनी केलेले असत. माझी गाडी साकोलीहून सुटून कुठं कुठं जायची, आणि प्रत्येक गावच्या सुताराचा बैल वेगळा. एकाच्या बैलाचं वशिंड डोंगराएवढं, दुसऱ्याच्या बैलाच्या तोंडावर हसू, तिसऱ्याचा बैल बैल कमी आणि बोकड जास्त. एकाच सुताराचे दोन बैलही सारखे नसत, कारण दुसऱ्याच्या वेळी लाकूड वेगळं असे, नाहीतर सुताराचं बायकोशी भांडण झालेलं असे. मला त्याचं वेड लागलं. लेकरं मोठी झालेल्या घरी माळ्यावर पडलेला नंदी दिसला की मी मागायचो, आणि कंडक्टरला नाही म्हणणारा प्रवासी विरळा, कारण उद्या परत त्याच गाडीत चढायचं असतं.

मग नागपूरची एक कंपनी आली. तिनं 'मर्यादित आवृत्ती' काढली. मखमलीचा खोका, त्यात नंदी, सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. फक्त शंभर नग, तुमचा क्रमांक अकरा. मी हरखलो, घेतला. आठवड्याभरात अड्याळच्या परसरामनं आमच्या नंदीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, 'माझा क्रमांक अकरा.' मी कंपनीला फोन लावला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचा अकरा लाल मालिकेतला, त्यांचा शेंदरी मालिकेतला." मी बैल उन्हात नेऊन पाहिला. लाल तो लालच. परसरामचाही लालच.

पुढच्या वर्षी सुवर्ण मालिका आली, मग सुवर्ण विशेष, मग अंतिम मालिका. मी मनाशी म्हटलं, चला, सुटलो. त्यानंतर आली अंतिम मालिका, आवृत्ती दुसरी. अंतिमालाही दुसरी आवृत्ती असते हे मला साठी उलटल्यावर कळलं. मर्यादित म्हणजे खपतील तेवढे, एवढा साधा अर्थ होता, आणि मी मात्र प्रत्येक खेपेला घेत गेलो, कारण छंदाला अक्कल नसते. राग यायचा तो याचा की पैसा देऊन मी शेवटी घरी आणत होतो काय, तर परसरामकडे जे आहे तेच. मग संग्रह कशाला करायचा? दोघांनी मिळून एकच ठेवला असता.

पण माझ्याकडे एक नंदी असा होता की तसा जगात दुसरा नव्हता. तो एकोडीच्या भैयाजींचा.

भैयाजी सुतार नव्हते, धानाचे शेतकरी होते. आयुष्यात त्यांनी एकच बैल कोरला. शिवणीच्या लाकडाला नेमकी मानेपाशी गाठ निघाली, म्हणून त्याची मान डावीकडे वळली, कोणी हाक मारली आणि त्यानं पाहिलं अशी. तीन चाकं केली तोवर लाकूड संपलं, चौथं बाभळीचं केलं, ते जरा मोठं झालं. त्यामुळे बैल लंगडतो. ओढला की एक खांदा खाली, एक वर. अंगावरचा लाल रंग भैयाजींच्या हातचा, पार फिका पडलेला. भैयाजी गेल्यावर काही वर्षांनी त्यांची बायको मनकर्णाबाई एक दिवस माझ्या गाडीत चढली, लुगड्याच्या फडक्यातून हा बैल काढला आणि माझ्या सीटवर ठेवला. "घेऊन जा जी कंडक्टर," एवढंच म्हणाली. मी तिला पूर्वी संग्रहाबद्दल बरंच काही सांगितलं होतं, जुन्या वस्तूंची कदर वगैरे. ते तिला पटलं असं मी धरून चाललो. मी तिला शब्द दिला, मावशी, तुम्ही मागाल त्या दिवशी आणून देईन. तिनं कधी मागितला नाही. फळीवर मधोमध मी तो उभा केला आणि खाली जाड कागदावर लिहिलं, 'एकमेव'.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचा एक पोरगा माझा संग्रह पाहायला आला आणि त्या बैलापुढे मांडी घालून बसला. काका, हा वारसा आहे. काका, हा लोकांपुढे आला पाहिजे. एकशे आठच नग काढू, एकही जास्त नाही, भैयाजींचं नाव छापू. नाव छापू म्हटल्यावर मी विरघळलो. आठ दिवसांनी त्यानं बैल सुखरूप परत आणून दिला आणि सोबत पहिली नक्कल दिली, क्रमांक एक. मनकर्णाबाईला विचारायला हवं होतं हे मला तो गेल्यावर सुचलं.

नक्कल मात्र अशी होती की मी स्वतः चकित झालो. तेच शिवणीचं लाकूड, तीच वळलेली मान, तोच फिका रंग, आणि चौथं चाक मुद्दाम मोठं. दोघांना शेजारी उभं केलं तर फरक एवढाच की नकलेच्या पोटाखाली क्रमांक होता.

यंदा पोळ्याच्या सकाळी मी दोन्ही बैल अंगणात काढले. चांगल्या उजेडात फोटो काढून ग्रुपवर टाकायचा होता, अस्सल कोणता ओळखा म्हणून परसरामची जरा जिरवायची होती. फोटो काढला आणि बैल तिथेच ठेवून मी नारळ-झेंडू आणायला साकोलीला गेलो.

साकोलीच्या बाजारात माझं डोकं फिरलं. ताडपत्रीवर भैयाजींचे बैल मांडले होते. एकशे आठ कुठले, रांगा लागल्या होत्या. सगळ्यांच्या माना डावीकडे, सगळे दुकानदाराकडे पाहत असल्यासारखे. मी एक खोका उघडला, क्रमांक एक. दुसरा उघडला, क्रमांक एक. दुकानदार मला म्हणाला, "बिनधास्त घ्या जी, सगळे एक नंबरच हायत." भैयाजींचं नाव कुठंही नव्हतं. मी त्याला काय काय बोललो ते सणाच्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं. नारळ विसरून तसाच घरी आलो.

फाटकातून आत आलो तर ऑइल पेंटचा वास. अंगणात दोन बैल उभे, न्हालेले-धुतलेले, लालभडक. शिंगांना पिवळा, खुरांना हिरवा. विमलाबाई ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होती.

"हे काय केलं?" मी ओरडलो.

"काय केलं म्हंजे? पोळ्याच्या दिवशी तुमी बैल आंगणात काढून गेले. आंगणात काढलेला बैल धुवाचा-रंगवाचा नाई तं काय कराचं? मले वाटलं, आज तुमाले अक्कल सुचली."

त्या सकाळी गावातल्या प्रत्येक अंगणात तेच चाललं होतं. पोळ्याला बैल अंगणात काढतात ते न्हाऊ घालायला आणि सजवायलाच, फोटो काढायला नव्हे.

"यातला भैयाजीचा कोणता?"

"दोघं तं सारखेच होते."

"सारखे नवते! एकाच्या पोटाखाली नंबर होता."

"तो कागद होता जी. पाण्यानं निंघून गेला."

मी ओट्यावर बसलो. मर्यादित आवृत्तीचा तो मानाचा क्रमांक कागदी चिकटपट्टीवर होता आणि बादलीभर पाण्यात वाहून गेला होता. मग मी उठून दोन्ही बैल उचलून पाहिले, वजन सारखं. हुंगून पाहिले, दोन्हींना रंगाचा वास. दोरी बांधून ओढून पाहिले, दोन्ही लंगडले. ज्या बैलाची ओळख मी डोळे मिटून सांगेन अशी बढाई मारत होतो, तो माझ्या पुढ्यात होता आणि मला ओळखता येत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मनकर्णाबाईचा नातू कैलाश बोलत होता. त्यानं फोन आजीला दिला.

"कंडक्टर, आमच्या बैलाले आवतन देऊन राहिलो," पलीकडून मनकर्णाबाईचा कापरा पण खणखणीत आवाज आला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या आदल्या सांजेला खऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानाशी हेच शब्द म्हणतात. लाकडी बैलाचा सण एक दिवस उशिरा, म्हणून त्याचं आवतन आज.

"उद्या आमच्या गुड्डीचा पयला तान्हा पोळा हाय. कैलाशची पोरगी. म्हणते, मले आबाचाच बैल पायजे, बजारातला नाई पायजे. घेऊन येजा बरं. सण झाला का वापस नेजा तुमचा तुमी."

"हो मावशी, आणतो ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

फोन ठेवला आणि मग मला कळलं, मी काय कबूल केलं ते. शब्द दिलेला. पोरीला आबाचाच, म्हणजे भैयाजींचाच बैल हवा, आणि तो कोणता ते मला ठाऊक नाही. नक्कल देऊन आलो तर म्हातारीला फसवलं. अस्सल दिला आणि परत आणताना चुकून नक्कल आणली, तर माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा नग गेला, आणि गेला हे मला कधी कळणारही नाही. या दुसऱ्या भीतीनं मी जास्त घाबरलो होतो, लपवत नाही.

मग एक युक्ती सुचली. अस्सल बैलाला भैयाजी दर पोळ्याला रंगवत. म्हणजे विमलाबाईच्या लालाखाली जुने थर असणार, लाल, पिवळा, पुन्हा लाल. नकलेत एकच. नखाएवढं खरडलं की निकाल. मी खिशातली लहान सुरी काढली आणि एका बैलाला मांडीवर आडवा घेतला.

"काय करता?" विमलाबाई धावत आली. "सणाच्या दिवशी बैलाच्या आंगाले लोखंड लावता? आज तं कोणी तुतारीबी नाई टोचत बैलाले!"

"लाकडाचा हाय तो."

"मंग आत्ता सांजी त्याच्यापुढं आरती घेऊन कायले उभे राहाल? लाकडाचा हाय तं नका करू पूजा."

सुरी खिशात गेली. आमच्याकडे पोळ्याच्या दोन्ही दिवशी बैलाला कोणी तुतारी, म्हणजे पराणी, लावत नाही की हात उगारत नाही, आणि लाकडी बैलाला ते लागू नाही असं मी कोणाकडून कधी ऐकलेलं नाही. मीच ते पहिल्यांदा म्हणावं हे मला जमेना. मी ठरवलं, दोन्ही बैल एकोडीला न्यायचे, खरं काय ते सांगायचं, आणि उद्या सण उतरला की खरडून आपला आपण परत आणायचा.

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या लटकवून निघालो. पिशव्यांतून दोन लाल तोंडं बाहेर, दोघांची नजर डावीकडे. रस्त्यानं धान पोटरीएवढं वाढलेलं, दारोदारी पळसाच्या फांद्या उभ्या केलेल्या. एका गुराख्यानं हात करून विचारलं, "कंपनीचे का जी?" मी स्कूटरचा वेग वाढवला.

मनकर्णाबाई ओसरीत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, पण पाठ ताठ. शेजारी गुड्डी, पाचेक वर्षांची, नवीन फ्रॉक आणि हातात झेंडूची माळ. कैलाश गोठ्यातून हात पुसत आला. मी दोन्ही बैल काढून ओसरीत ठेवले आणि रस्त्यानं पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं, कंपनी, नक्कल, बाजार, पाणी, रंग.

"मावशी, यातला एक भैयाजीचा हाय अन एक कंपनीचा. कोणता कोणता ते मलेच समजून नाई राहिलं. तुमाले न विचारता बैल नकलेले देला, ते चुकलं. तुमी काय बोलाल ते बोला."

तिनं एक बैल जवळ ओढला, मग दुसरा. दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, खांद्याला खांदा लावून. जरा मागं सरून पाहिलं. पुन्हा पुढं होऊन डाव्याला बोटभर सरकवलं. मला वाटलं, आता ओळखते.

"कैलाश," ती म्हणाली, "पाह्य बे. जोड झाली."

मला कळेना. कैलाशलाही नसावं कळलं.

"जी कंडक्टर, बैल कधी एकटा असते का?" ती माझ्याकडे वळली. "कैलाशच्या आज्याचा गुडघा मोडला होता, तवा खाटीवर बसून त्यायनं हा बैल केला. मी म्हटलं, एकच? तं म्हणे, दुसरा करतो ना, जोडीचा. लाकूडबी आणून ठेवलं. मंग पाय बरा झाला, धान कापाले आलं, राहून गेलं. दर पोळ्याले म्हणत, औंदा करतो. औंदा नाई झालं तं पुढच्या पोळ्याले आणखी, औंदा करतो. असं म्हणता म्हणता गेले. त्यायच्या मांगं मी एकट्या बैलाची पूजा करत जाये, पण त्याच्या तोंडाकडं पाहवे नाई मले. मान वळवून तो जोडीदाराची वाट पाहून राहिला, असंच वाटे. म्हणून तुमाले देऊन टाकला. म्हटलं, तुमच्या घरी गंज बैल हायत, फळ्या भरून. तिथं त्याले एकटं नाई वाटणार."

मला वाटलं होतं, माझ्या जुन्या वस्तूंच्या भाषणानं तिला पटलं. आणि मी त्याच्याखाली पाटी काय लावली होती, तर 'एकमेव'. जे तिला इतकी वर्षं बोचत होतं तेच मी जाड अक्षरात लिहून भिंतीवर मिरवत होतो. लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

"पण मावशी, हा दुसरा मशीनचा हाय," मी तरी हट्टानं म्हणालो. "बजारात ढीग लागला हाय त्याचा. लोकायले फसवून राहिले ते. तुमी पाह्यला नाई तो ढीग."

"पाह्यला ना! कैलाशनं नेलं होतं मले बजारात. रांगाच्या रांगा, अन सगळेच्या सगळे लंगडे!" ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून. "मले हासू आवरेना जी. म्हटलं, पाहा, हे एक दुसरा कराचा आळस करत होते, आता गोठा भरला त्यायचा."

"अन भैयाजीचं नाव?"

"नाव कायले पायजे? बैल चालते तं चालते. लंगडा चालते का नाई, तेवढं पाहाचं." मग तिनं दोन्ही पाठींवर हात ठेवला. "रंगवला ते बरं केलं तुमच्या बाईनं. गंज फिका पडला होता."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. कंपनी, फसवणूक, शब्द न पाळणं, सगळं होतं. पण ते त्या ओसरीत बोलण्याजोगं राहिलं नाही.

कैलाशनं बांबूची काडी छाटून त्याचं लहानसं जू करायला घेतलं, तर म्हातारी त्याच्यावर खेकसली, "आज सुटी हाय बैलायले! जू नको. निस्त्या दाव्यानं बांध." मग रंगीत सुताच्या दाव्यानं दोघांच्या माना जोडल्या, शिंगांना बेगड लावली, गुड्डीनं माळ अर्धी अर्धी तोडून दोघांच्या गळ्यात घातली. कोणता आबाचा असं तिनं एकदाच विचारलं. मनकर्णाबाई म्हणाली, "दोघंबी," आणि पोरीचं समाधान झालं. माझं व्हायला वेळ लागला.

मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं होतं. लेकरांचे बैल रांगेत लागले. कोणाचा दिव्यांचा, कोणाचा पुरुषभर उंच, चौघांनी ढकलायचा. कंपनीचेही बरेच होते, ते मी मोजले नाहीत. गुड्डीनं दोरी ओढली आणि तिची जोडी निघाली. आणि तेव्हा मी जे पाहिलं त्यानं माझा सगळा राग उतरला. दोन्ही बैलांची मोठी चाकं एकाच जागी, एकाच मापाची. म्हणून दोन्ही बैल एकदम खाली जात, एकदम वर येत. एकही पाऊल चुकत नव्हतं. शेतकरी बाजार-बाजार हिंडतो, दोन बैलांची चाल जुळावी म्हणून, आणि कुठं सहज जुळत नाही. इथं दोन लंगड्यांची अशी जुळली होती की पाहणारे म्हातारे उठून उभे राहिले.

"जोड जमली, बाप्पा!" कोणीतरी मागून ओरडलं. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, म्हणणाऱ्यानं तेवढ्यात एक झडती रचून लंगड्या जोडीवर म्हटली आणि सगळे हसले. गुड्डीला वाटलं, आपल्याला शाबासकी मिळाली, आणि तिला खरंच मिळाली होती. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, "कंपनीचे दिसतेत."

"एक कंपनीचा हाय," मी तडकून म्हणालो. "एक भैयाजीचा हाय!"

"कोणता?"

मी बोट वर केलं. ते डावीकडून उजवीकडे गेलं, उजवीकडून डावीकडे आलं, आणि शेवटी मी त्याच बोटानं कान खाजवला. बक्षीस दिव्यांच्या बैलाला मिळालं. गुड्डी मात्र गावभर फिरून फ्रॉकचा ओचा भरून बोजारा घेऊन आली आणि ओसरीत पसरून खात बसली.

मी निघायला उठलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मनकर्णाबाईनं दावं सोडलं आणि दोन्ही बैल माझ्यापुढं सरकवले.

"घ्या जी. तुमचा तुमी वापस न्या. बोलल्यावानी सण झाला, आता खरडून पाह्यलं तरी चालते. आबाचा तुमी न्या, दुसरा पोरीले राहू द्या. तिले काय समजते?"

तिनं हे मनापासून म्हटलं, रुसून नाही. सुरी माझ्या खिशात होती. एक बैल मी मांडीवर घेतला, पोटाखाली अंगठा फिरवला. नखाएवढं खरडायचं होतं, आणि माझा एकमेव नंदी मला परत मिळणार होता. पण जिथं खरडणार तिथं एक खरा होणार होता आणि दुसरा खोटा, आणि खोटा त्या पोरीकडे राहणार होता. सकाळपासून एकाही माणसानं त्या दोघांत खरा-खोटा केला नव्हता, माझ्याशिवाय. आणि इतकी वर्षं मान वळवून उभा असलेला बैल, तो यातला कोणताही असो, आजच कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून चालला होता. त्याला उचलून फळीवर एकटा नेऊन ठेवायचं मला मनातून नको झालं. वाईट वाटलं, पण तेवढंच हलकंही वाटलं.

मी बैल परत दुसऱ्याच्या शेजारी ठेवला आणि दावं पुन्हा बांधलं.

"जोडी फोडाची नसते, मावशी," मी म्हणालो. "राहू द्या दोघंबी इथंच."

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. मग त्या दोन लाल पाठींवरून सावकाश हात फिरवत ती म्हणाली, "कैलाशच्या आज्याले सांगा लागल. आता औंदा करतो म्हणाचं काम नाई पडत."

मी रिकाम्या पिशव्यांची घडी करून डिकीत ठेवली आणि सानगडीचा रस्ता धरला. संग्रहातला सगळ्यात मोलाचा नग देऊन येणारा माणूस इतका खूश असायला नको, पण मी होतो.